हवेचा बूट आणि माझा बरा पाय

चहाचा घोट आधी गिळून घ्या. मधेच ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही!

शाळा मी चौथीत सोडली, पण खोड्या काही सोडल्या नाहीत. माझा घोटा मोडला तोही खोडीतच. शेजारचा गोविंदा बैलांसाठी पेंढा काढायला येणार, म्हणून मी साठीचा बाप्या उडवीवर, म्हणजे पेंढ्याच्या ढिगावर, चढून बसलो. तो खाली आला तसा भुतासारखा ओरडलो आणि घेतली उडी! गोविंदा घाबरलासुद्धा नाही. म्हणाला, "बाळू, पाय उलटा झालाय रं तुजा."

खरंच झाला होता!

ही एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. कर्जतच्या डॉक्टरांनी महिनाभर प्लास्टर घातलं. ते कापलं आणि बोटीवर नोकरी करणारा माझा भाचा परदेशातून एक अजब वस्तू घेऊन आला. हवेचा बूट! गुडघ्याखालपर्यंत उंच, डाव्या-उजव्या कुठल्याही पायात जाणारा. आत रबरी पिशव्या. बाहेर लोंबणारा रबरी गोळा दाबला की फुस्स फुस्स हवा भरते आणि घोटा गच्च धरून ठेवते. आणि पट्टे असे, की ओढले की चर्रर्र! कोणी धोतर फाडतंय असं वाटावं.

डॉक्टरांनी दम भरला, "पायमोज्याशिवाय घालायचा नाही. हवा बेतानं. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या की लगेच सोडायची. आतलं कापड धुवा, पण सावलीत वाळवा. चुलीवर नाही!"

अहो, गाव लोटलं बूट बघायला! शिळफाट्याच्या बाजारातून परतणारे वाकडी वाट करून येत. हवा भरायचा मान गोविंदाचा, तो दुसऱ्या कोणाला गोळ्याला हात लावू देईना. त्याची बायको, सुमनवहिनी, रोज संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि कालवण घेऊन यायची.

माझी बायको गेल्यापासून दोन वर्षांत माझ्या ओटीवर कोणी टेकलं नव्हतं. भिंतीशी बोलून बोलून भिंतही कंटाळली होती. म्हणाल, मग तूच का नाही गेलास कोणाकडे? अहो, एकटा म्हातारा तिन्हीसांजेला दारात उभा राहिला की घरची बाई आधी भाकरीच्या टोपलीत बघते. ते बघणं मला नको होतं. जन्मभर सगळ्यांची चेष्टा केली, आता त्यांनी माझी कीव करायची?

महिना संपला. डॉक्टर म्हणाले, "पाय खणखणीत झाला. काढा बूट."

काढला की! घरी आलो आणि पुन्हा चढवला. बूट गेला की माणसं जाणार, एवढं चौथीतल्या डोक्यालाही कळत होतं. दिवसा विहिरीचं पाणी आणायचो, आणि संध्याकाळी अंगणात चाहूल लागली की बूट घालून कण्हायला बसायचो. पंधरा दिवस बिनबोभाट चाललं.

एके दिवशी मागच्या दारी टाचा उंचावून शेवग्याच्या शेंगा काढत होतो, तोच पुढे कोणी खोकलं. धावलो! बूट कोंबला, पट्टे ओढले, भिंतीला टेकलो.

गोविंदा येऊन बसला. फुस्स फुस्स हवा भरली. "दुखतंय का रं?"

"काय सांगू! घोट्यात नुसते सुरे चालतात."

सुमनवहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावजी, मग दुखतोय तो पाय उघडा का ठेवलाय?"

खाली बघतो तर काय! बूट बऱ्या पायात!

"डॉक्टरांनी आळीपाळीनं घालायला सांगितलंय," मी म्हणालो. माघार घेईन तर मी कसला!

"पुरे आता," गोविंदा म्हणाला. "आमी अंगणात पाय टाकला की आत चर्रर्र वाजतं. ही तर मुद्दाम खोकून उभी ऱ्हाते, तुला पट्टे लावाया वेळ गावावा म्हनून."

म्हणजे पंधरा दिवस मी गावाला बनवत होतो, की गाव मला?

"ठाऊक होतं, तर येत कशाला होता रं?"

गोविंदा खाली मान घालून हवा सोडत बसला.

वहिनीच बोलली, "एकटं बसून तुमी नीट जेवत नाय, म्हनून. पन भावजी, इथवर आनस्तोवर भाकरी गार होते. पाय बरा हाय ना? मग उद्यापासून तुमीच येत जा. तुमच्या दोन भाकऱ्या मी धरूनच टाकते."

मी पट्टे ओढले, चर्रर्र! आणि बूट काढून खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालो. घर समोरच, मधे फक्त कुंपण. पण त्या कुंपणापाशी मी तीनदा थांबलो, दोनदा माघारी फिरलो. शेवटी शिरलो अंगणात. आणि लाजेनं म्हणा, सवयीनं म्हणा, बूट घरी खुंटीला, पाय धडधाकट, तरी मी चक्क लंगडत होतो!

आतून वहिनीचा आवाज आला, "या भावजी. आज कोनता पाय?"