धबधब्याचा पहिला मान

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हाच किस्सा सांगताना आमच्या साडूच्या नव्या शर्टाचं वाटोळं झालं, आणि त्याचं खापर अजून माझ्याच डोक्यावर फुटतं!

तर गोष्ट आमच्या गावची. लांज्याहून आत, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या वरच्या अंगाला पऱ्या आहे, म्हणजे ओढा हो! पावसाळाभर नुसता पिसाळलेला, पण दसरा उलटला की शहाण्यासारखा वागतो. डोंगराच्या घळीतून उड्या मारत खाली येतो. मोबाईल तेव्हा नुकते आले होते, आणि गावात रेंज कुठे? तर देवळाच्या पायरीवर, तीही एका पायावर उभं राहिलं तरच.

त्या वर्षी पुण्याहून एक मुलगी आली, मृणाल नावाची. सोबत एक साथीदार आणि जीपभर दोर. म्हणे, घळीतून पाण्याच्या वाटेनंच खाली उतरायचं. कुठे चालत, कुठे पोहत, आणि धबधबा आला की दोराला लटकून. याला म्हणतात कॅन्यनिंग! आम्ही आजवर त्या घळीत गेलो ते फक्त हरवलेली म्हैस शोधायला. तिला पुढे तिथे पाहुणे आणायचे होते, म्हणून आधी गावकऱ्यांना एक दिवस फुकट.

"नवशिक्यांसाठीच आहे, काका. अगदी सोपं," ती म्हणाली.

सोपंच होतं हो. अवघड केलं ते आम्ही!

आता आमच्या गावातलं मानाचं प्रकरण तुम्हाला माहीत पाहिजे. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून उठते, तेव्हा पहिला खांदा आमच्या घराचा. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, मग मी. आणि वरच्या वाडीतल्या शांतारामचं म्हणणं काय, तर तो मान मुळात त्यांच्या घराचा, आमच्या पणजोबांनी लाटला! शांताराम आणि मी एका बाकावर शिकलो, एकमेकांच्या लग्नात पंगत वाढली, पण शिमगा जवळ आला की आमचं बोलणं बंद.

तर आम्ही सगळे धबधब्याच्या माथ्यावर जमलो. मृणालनं पट्टे बांधले, मागे कसं रेलायचं, पाय कसे फाकवायचे, सगळं नीट दाखवलं. मग म्हणाली, "आधी माझा साथीदार खाली जाईल. मग तुमच्यातले एकेक."



"परगावचा माणूस पहिला?" मी म्हणालो. "आमच्या पाण्यात?"

"हां, ह्या बराबर बोललास," शांताराम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं! साथीदार बिचारा बाजूला झाला.

"बरं, तुमच्यातलं कोणीही जा," मृणाल म्हणाली. "कमरेचा दुसरा दोर माझ्या हातात असेल. पडणार तर नाहीच तुम्ही."

कोणीही? असं कधी असतं का?

"पहिला मान आमचा," मी पुढे झालो.

"कसला तुमचा?" शांताराम उसळला. "पाणी वरच्या वाडीतना येता. मान वरच्या वाडीचा!"

"येता वरना, पण जाता कुठं? माज्या शेतात!"

"काका, पहिल्या जाणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही हो," मृणाल म्हणाली. "पाणी तेवढंच गार लागतं."

"तुम्ही मधे पडू नका!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. हे आमचं दुसरं एकमत.

पोरगी हुशार. तिनं विचारलं, "वयानं मोठं कोण?" आषाढातला मी, श्रावणातला तो. खेळ खलास!

आमची ही हळूच माझ्या कानाशी आली. "पोवायला येता काय तुमाला?"

"मानाला पोहावं लागत नाही," मी म्हटलं.

दोर ज्या झाडाला बांधला होता तिथे नारळ फोडला. आता मृणाल मला टोपी काढायला सांगायला लागली, वर हेल्मेट चढवायचं म्हणून. मानकऱ्यानं बोडक्या डोक्यानं जायचं? मी हेल्मेट घातलं आणि त्याच्यावर टोपी चढवली. गावानं टाळ्या वाजवल्या. मी देवीचं नाव घेतलं, मागे रेललो आणि डोळे मिटले.

ते मिटलेच!

पाणी असं तोंडावर आदळायला लागलं की श्वास घेऊ का नाक पुसू, समजेना. मी आपला चाचपडत, पाय घसरत, जमेल तसा खाली सरकतोय. मध्ये खडकाला फुगवटा होता, त्याच्याखाली गेल्यावर वरच्यांना मी दिसेनासा झालो. एवढ्यात हाताला एक जाडजूड मुळी लागली. मी तिला जी मिठी मारली ती मारलीच. टोपी कधी उडाली, कळलंसुद्धा नाही.

"काका, ठीक आहात ना?" वरून मृणाल.

"हो!"

"मग खाली या!"

"नको!"

"मग वर ओढू?"

"नको! मुळी सुटेल!"

बराच वेळ हेच चाललं. शेवटी मृणाल स्वतः उतरायला निघाली, पण माझा दोर तिच्या हातात. शेजारी दुसरा दोर तयार होताच. शांताराम म्हणाला, "मी जातो. तो माजा ऐकनार नाय, पन माज्याशी भांडायला तरी मुळी सोडंल." साथीदारानं त्याला दोरावर सोडलं.

थोड्या वेळानं माझ्या कानाशी आवाज आला. "काय रं तात्या, झोप लागली काय?"

"शांतारामा, हात सुटतायत रं माजे!"

"मग सोड की."

"मरंन ना! किती खोल हाय?"

तो अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "खोल हाय. लय खोल हाय, बाबा."

"धर मला!"

"धरतो. पन शिमग्याचा पहिला खांदा कोनाचा?"

बघा, कुठे गाठलं! वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आजोबांचा आला. मग माझाच आला, हार घातलेला.

"तुजा!"

"असा नाय. वरच्यांना ऐकू जाऊ दे."

मी होता नव्हता तेवढा जीव घशात आणून ओरडलो, "पालखीचा पहिला खांदा शांतारामाला दिला होऽऽ!"

वरून वरच्या वाडीचा जो गलका उठला, त्यात धबधब्याचा आवाज बुडाला.

"आता सोड मुळी," शांताराम म्हणाला. मी सोडली, आणि वीतभर खाली येऊन माझे पाय वाळूत टेकले.

डोळे उघडले. गुडघाभर पाणी! आणि समोर शांताराम, कमरेवर हात ठेवून, आरामात उभा. खाली कोणी असतं तर सांगितलं असतं हो मला. पण खाली कोण असणार? पहिला मीच ना!

मी त्याच्या अंगावर धावून गेलो, घसरलो आणि त्याच गुडघाभर पाण्यात नाकातोंडात पाणी जाऊन खरोखर बुडायला लागलो. त्यानंच बखोट धरून मला काढलं. मग काय झालं कोण जाणे, दोघंही हसत सुटलो. पोट दुखेपर्यंत हसलो.

"मान मी घेतला," तो म्हणाला. "अब्रू तुजी तुला ऱ्हाऊंदे. कोनाला सांगनार नाय."

आणि माणसानं शब्द पाळला. पुढचा सगळा दिवस झकास गेला. डोहात डुंबलो, कातळावर बसून भाकऱ्या खाल्ल्या. आमची ही तर लुगडं खोचून दोरावरून अशी उतरली, की मृणालनं तिचे फोटो काढले.

शिमगा आला. सहाणेवरून पालखी उठताना मी मागे झालो, शांताराम पुढे. वाईट वाटलं का? वाटलं ना. पण खांदा देताना त्याचे डोळे भरून आले. त्याचे वडील या एका खांद्यासाठी झुरत गेले होते, हे मला माहीत होतं. त्यानं मान वळवून मला शेजारी बोलावलं, आणि आम्ही दोघांनी मिळून पालखी नाचवली. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

तिथेच गप्प बसलो असतो तर!

पण शिमग्याला गावी आलेली मुंबईची मंडळी विचारायला लागली, मान का सोडला? मग माझी जीभ सुटली. "अरे, खाली पाताळ! वर आभाळ! मधे मी, एका मुळीच्या आधारानं!" सगळे माझ्याकडे आदरानं बघतायत. शांताराम तोंडात उपरणं कोंबून उभा.

एवढ्यात मागून आमची ही म्हणाली, "त्याच मुळीला तुमची टोपी अडाकली व्हती. मीच काढली. खाली उभी ऱ्हाऊन, हातान."

आमची ही माझ्या खांद्याला लागते हो! मुळी किती उंचावर असेल ते मंडळींनी लगेच ताडलं.

तेव्हापासून दर शिमग्याला पालखी सहाणेवरून उठली की गर्दीतून कोणीतरी हमखास ओरडतं, "तात्यांना धरा रं! गुडघाभर पाणी हाय!"