स्पिरिटचा बोळा

डॉक्टरांनी विचारलं, "साखर, बीपी, कधी कावीळ वगैरे?" आणि आमचे हे खुर्चीत आडवे होता होताच म्हणाले, "न्हाय, तसलं काय न्हाय." मी भिंतीकडे बघत बसले.

यांना 'ब' कावीळ आहे. कुठून आली ते कळलं नाही. माझा संशय पूर्वी एकदा बाजारच्या दिवशी घाईत उपटून घेतलेल्या दाढेवर आहे. हे म्हणतात, उगाच कुणाच्या नावानं बोटं मोडू नको. ही कावीळ रक्तातून पसरते, म्हणून या वेळी दाढ ठणकायला लागल्यावर इंदापुरात दोन दवाखान्यांत आम्ही आधीच खरं सांगून टाकलं. एकाचं मशीन तेवढ्यात बिघडलं. दुसऱ्यानं पुण्याचा रस्ता दाखवला. आज बारामतीला येताना उसाच्या ट्रॉलीमागं गाडी अडकली, तेव्हा हे सुजलेला गाल धरून म्हणाले, "आज गप बसायचं. खरं सांगून दाढ बरी व्हत न्हाय."

दवाखाना चकाचक होता, आणि मला चकाचकीचाच जास्त संशय येतो. कोपऱ्यात अवजारं वाफवायचं यंत्र होतं, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं. रोजच्या कुकरवर फुलदाणी कोण ठेवतं? तरी सिस्टरनं आरसा, चिमटा, सुया आमच्यासमोर बंद पाकिटातून काढल्या, तेव्हा जरा जीव भांड्यात पडला.

दाढ कोरून झाली, वर तात्पुरतं औषध भरलं. उरलेलं काम आठवड्यानं, असं ठरलं. सिस्टरनं ड्रिलचं टोक बदललं. ड्रिलची मूठ मात्र, जी इतका वेळ यांच्या तोंडात होती, ती तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि हुकाला अडकवली. मग शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी आत आली. तिची आई सांगत होती, "भिऊ नगं, मुंगी चावल्यागत व्हतंय."

खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझं झालं. मला बसवेना.

"डॉक्टर, यांना 'ब' कावीळ आहे. ती मूठ त्या पोरीला लावू नका."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की लाज वाटली, आणि रागही आला. डॉक्टर म्हणाले, "मघाशी विचारलं होतं ना मी?" ते खरंच होतं. त्या आईनं मुलीला दंडाला धरून मागं ओढलं. डॉक्टरांनी सिस्टरला खूण केली. तिनं कपाट उघडून दुसरी मूठ काढली, कागदी पाकिटात नीट बंद केलेली, निर्जंतुक.

"ज्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं, त्यांच्यासाठी कुठली वापरता?" मी विचारलं.

"तुम्ही पुढचं काम पुण्याला करून घ्या," ते म्हणाले आणि हात धुवायला वळले.

परतताना भवानीनगरपर्यंत यांनी गाडी नुसती दामटली. अर्धवट कोरलेल्या दाढेचं आता करायचं काय, हे मलाही सुचत नव्हतं. घरी गेल्यावर भांडण होणार, एवढं नक्की धरून मी मागं बसले होते. मग यांनी गाडीचा वेग कमी केला.

"माझ्या आधी आत कोण हुतं गं?"

"एक आबा होते. दाढ कोरून घेऊन बाहेर आले."

"मग माझ्या तोंडात घातली ती मूठ बी नुसती पुसल्यालीच की."