दारातलं जंबेरीचं झाड

सौंसरच्या एका शाळेत मी ग्रंथपाल होते. भुताखेतांची पुस्तकं मुलांना नोंद करून दिली, परत आली की कपाटात लावली, पण स्वतः कधी उघडून पाहिली नाहीत. तसल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... आज आहे असंही म्हणवत नाही. तरी वाचकांच्या अनुभवांच्या या सदरासाठी लिहिते आहे, कारण जे झालं ते पाहणारी मीच आहे, आणि आता मी दमले आहे.

माझे यजमान संत्र्याचे व्यापारी. आम्ही पांढुर्ण्यात राहतो, बाग लोधीखेड्याकडे. चार-पाच वर्षांपूर्वी यांना विसर पडू लागला. डॉक्टर डिमेन्शिया म्हणाले. आधी हिशेब गेले, मग नावं, मग हिंदी. जन्मभर मंडीत हिंदी बोललेला माणूस – शेवटी फक्त लहानपणची बोली उरली. मला ते 'बाई' म्हणू लागले. परक्या बाईला म्हणावं तसं, आदराने.

संध्याकाळ झाली की एकच. "बाई, मले घरी जायचं हाय."

घरातच आहोत असं सांगून उपयोग नसे. मग मी विचारू लागले, कसं आहे तुमचं घर? ते नीट सांगत. घरात जिना आहे, पण वर जाऊ देत नाहीत, साखळी लावतात. आणि दारात संत्र्याचं झाड आहे, त्याचा डोळा मेलेला आहे. "खालचा खुंट वाढला बाई, काटेच काटे. मी सांगून राहिलो काढा म्हणून, कोणी ऐकतच नाही."

हे बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडे जंबेरी या काटेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात. डोळा मेला आणि लक्ष राहिलं नाही, तर खालची जंबेरीच फोफावते – काटेरी, आंबट. संत्रेवाला माणूस असं झाड बागेत दिसलं की उपटतो. दारात ठेवणं तर दूरच. म्हणून मला नवल वाटायचं, हे कोणतं घर आठवतंय?

माझे दीर भास्करभाऊजी म्हणाले, बागेतलं जुनं घर आठवत असेल. नेलं. तिथे ना जिना, ना तसं झाड. हे पाहुण्यासारखे ओट्यावर बसले, चहा घेतला, भाऊजींना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चला बाई, आता घरी जाऊ." भाऊजी आत निघून गेले.

पुढचं वर्ष कसं गेलं ते लिहीत नाही. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना माहीत आहे. मी पडले, मनगट मोडलं, आणि मुलाने पुण्याहून फोनवर अशा लोकांसाठी असलेल्या निवासांची चौकशी सुरू केली. भाऊजींना ते मुळीच पटलं नाही. "वहिनी, घर असताना माणूस बाहेर ठेवाचा? लोक शेण घालतीन तोंडात." मी म्हटलं, आठ दिवस तुम्ही न्या. त्यांनी नेलं. तिसऱ्या दिवशी आणून सोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाहा बाप्पा तुमाले जमते तसं."

नागपुरातली पहिली जागा फार चकचकीत होती. भिंतीवर चित्रं, प्रत्येक खोलीत कॅमेरा. पण सांभाळणारी मुलं दूरची, फक्त हिंदी बोलणारी. यांना तहान लागली तर ते कुणाला सांगणार? मी परत फिरले.

दुसरी जागा सौंसर रोडलाच, नागपूरच्या अलीकडे. यांना कुठे ठेवून जाणार, म्हणून सोबत घेतलं होतं. गाडीतून उतरले ते सरळ फाटकाच्या आत गेले आणि उजवीकडच्या एका झाडापाशी थांबले. कमरेएवढं, काटेरी. बुंध्याशी मेलेल्या डोळ्याचा सुकलेला खुंटा.

"आजून काढलं नाही तुमी," हे म्हणाले. रागाने नाही, शेजाऱ्याला म्हणावं तसं.

तिथल्या मॅडम नागपूरच्या, हसऱ्या. "काका, संत्र्याचं आहे ते. फळ येईल एखाद वर्षात."

"संत्रं नाही येत याले. जंबेरी हाय."

मग हे आत गेले. ऑफिसवरून पुढे, जिन्यापाशी. तिथे साखळी होती, एका बाजूने निसटलेली. यांनी ती कडीत अडकवली, डावीकडच्या खोलीत गेले, खिडकीजवळच्या पलंगावर बसून चपला काढल्या. "आलं घर," म्हणाले, आणि झोपले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं शांत झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी मॅडमना खोदून खोदून विचारलं. इमारत नवी होती. आधी तिथे हरभऱ्याचं शेत होतं. रोप उद्घाटनाच्या दिवशी लावलेलं, पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं, मग खालून फुटलं म्हणून सगळ्यांना आनंद झाला. हे ते झाड मला सांगू लागले तेव्हा तिथे शेत होतं. फोटोत पाहिलं म्हणावं तर फोटोही नव्हता. भाऊजी म्हणाले, योगायोग. नर्सरीचं रोप कुठेही मरू शकते. असेल. पण त्यानंतर लोक काय म्हणतील, हे त्यांनी पुन्हा काढलं नाही. यांना ठेवायला तेच सोबत आले, अंथरूणही त्यांनीच घातलं.

तिथे ते वर्षभर राहिले. मी दर आठवड्याला बसने जायची. जेवण भरवणारी बाई बोरगावची होती, ती यांच्याशी यांच्याच बोलीत भांडायची आणि हे हसायचे. घरी जायचं, हे शब्द मी पुन्हा ऐकले नाहीत. मलाही रात्री झोप लागू लागली.

मग या थंडीत, एका दुपारी, त्यांनी माझा हात धरला.

"बाई, मले घरी जायचं हाय."

मी सवयीने विचारलं, कसं आहे घर?

"थंड हाय. दार बुटकं हाय, वाकून जा लागते." मग म्हणाले, "माही बायको वाट पाहून राहिली तिथं."

मी म्हटलं, बायको इथे नाही का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती, पण माया होती. "नाही ना बाई. ते माह्या आंधीच गेली."

पंधरवड्यात हे गेले. झोपेतच.

मी पांढुर्ण्यात आहे. तब्येत ठीक आहे, सकाळी पाणी भरते, वाचते, मुलाचा फोन येतो. पण पहिलं घर त्यांनी सांगितलं तसंच निघालं होतं. मग या दुसऱ्या घरी मी त्यांच्या आधी कशी पोचले, आणि मी तिथे आहे तर इथे बसून हे कोण लिहितं आहे...