अपेक्षा वीस हजार, रविवारी सुट्टी

चहा घ्या, तोवर सांगतो. मी हळू बोलतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा मध्ये घाई करू नका. आता काय आणि कसं सांगू, माझ्या हातून असा घोळ झाला होता की वर्ध्याच्या बाजारात पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नसती. थोडक्यात वाचलो. मी एकटाच नाही, आणखी दोघं वाचली.

आम्ही मूळचे रोहण्याचे. शेती झेपेना, तसा मुलाकडे वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला राहायला आलो. सून सुजाता एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. गुणी पोर. मला मामाजी म्हणते, आणि माझा चहा आधी बशीत ओतून गार करून देते. एक दिवस म्हणाली,

"मामाजी, मी एक जोडधंदा चालू करून राह्यली. लोकायचे बायोडाटा बनवून देणार. रंगीत, फोटोवाले, चित्रायचे. कागद पाह्यल्याबरोबर समोरच्यानं पसंत केलं पाह्यजे."

"पुण्याचं काम हाये, पोरी."

"पुण्याचं नाई मामाजी, सध्या वर्ध्याचंच हाये."

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मी चौथी शिकलेला माणूस. बायोडाटा हा शब्द आयुष्यात एकाच कामासाठी ऐकला. वर गणपतीचं चित्र, खाली मुलाचं नाव, रास, उंची, मामेकूळ, आणि शेवटी 'अपेक्षा'. नोकरीलाही बायोडाटा लागतो हे मला कोण सांगणार? मी जन्मभर बैलांमागे चाललो. बैलांनी कधी मागितला नाही.

सुजाता दिवसभर ऑफिसात, आणि लोक यायचे दुपारी. ती मला म्हणाली, "कोणी आलं तर बसवजा, पाणी देजा, नाव आन् फोन नंबर लिहून घेजा. बाकी मी संध्याकाळी फोनवर विचारीन." एवढंच काम होतं. पण घरी कोणी लग्नाच्या कामानं येतं आणि आपण नुसतं पाणी द्यायचं? बरं दिसतं का ते?

पहिला आला पवनारचा अमोल. सडपातळ पोरगा, शर्टाची इस्त्री कडक, चेहरा मात्र उतरलेला. पाणी प्यायला आणि पेला आत नेऊन ठेवून आला. मला तिथंच आवडला.

"रास कोणती, बापू?"

"रास? तेही लागते काय आबाजी?"

"सगळ्यात आधी तेच पाह्यतेत."

"कन्या," तो म्हणाला आणि पुटपुटला, "आजकाल काहीही विचारून राह्यले."

"आन् अपेक्षा?"

"वीस हजार तरी."

आमच्या वेळेला जावई घड्याळ मागायचे, सायकल मागायचे. "एकदाच ना?"

"एकदाच कसं आबाजी? महिन्याले. आन् रविवारी सुट्टी."

बायकोपासून आठवड्याची सुट्टी मागणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो पुढं म्हणाला, "पह्यले सहा महिने पाहून घेऊ द्या त्यायले. दोघायलेही पटलं, तर मंग पक्कं करू."

मी त्याला समजावलं, "बापू, इतकं मांगू नये. मानूस पाहावा, पैसा पाहू नये."

तर त्याचे डोळे भरून आले. "कमी असलं तरी चालीन आबाजी. दोन वर्षं झाले फिरून राह्यलो. जिथं जातो तिथून नाई म्हणतेत. घरी बसलो की मायच्या तोंडाकडं पाहवत नाई."

दोन वर्षं नकार! माझा जीव तुटला. कुठं ना कुठं या पोराचं जमवायचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात रूपाली आली. किसनरावांची एकुलती एक मुलगी. किसनरावांचं बाजारात पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. मी शेती करत होतो तेव्हापासून आमची ओळख. रूपालीची आई ती लहान असतानाच गेली. दुकानाचं कॉम्प्युटरवरचं सगळं काम तीच सांभाळते.

"आबाजी, बाबाले सध्या सांगजा नोका. पक्कं झालं की मीच सांगीन."

मी आधी दार लोटून घेतलं, मग विचारलं, "अपेक्षा काय तुही?"

"नागपूरचं असलं तर बरं. रोज अपडाऊन करीन. सकाळच्या गाडीनं जाईन, संध्याकाळी घरी."

"रोज?"

"मंग? बाबाले एकटं टाकून तिथं कशी राहू?"

सकाळी सासरी जायचं आणि दिवेलागणीला माहेरी परतायचं, अशी सून कोण करून घेणार? पण बापावरची तिची माया पाहून मला भरून आलं.

"सोमवारी बोलावलं हाये त्यायनं," ती म्हणाली. "पसंत पडली तर तिथंच पक्कं."

"सोबत कोण येते?"

"सोबत कोण येईन आबाजी? आत एकटीलेच बोलावतेत. तीन-चार जण बसले असतेत, एकेक जण विचारते."

एकटी पोरगी, परक्या गावात, बंद खोलीत, तीन-चार जणांसमोर! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सुजाताने विचारलंही, "मामाजी, भाजी तिखट झाली काय?" मी मनात म्हटलं, जमलं की हिला एकदम पेढाच देऊ.

आणि मग माझ्या डोक्यात ती युक्ती आली. पोरीला रोज जाऊन-येऊन करता येईल असं घर हवं. आणि पवनार कुठं आहे? वर्ध्याच्या दाराशी! ऑटोत बसलं की पोचलं. अमोलला सगळे नकार देतात, रूपालीला बाप सोडवत नाही. देवानं दोघांना आमच्याच ओसरीवर आणून बसवलं होतं.

मी तडक किसनरावांच्या दुकानात गेलो. रूपालीने सांगू नका म्हटलं होतं, ते आठवत होतं. पण सोमवार तोंडावर आला होता.

"किसनराव, पोरीच्या मनात लग्नाचं हाये."

"कोणाच्या? रूपालीच्या? ते तर लग्नाचं नाव काढलं की उठून जाते, महादेवभाऊ."

"लाजत असन. पोरगा माह्या पाह्यण्यात हाये. पेला सोताच्या हातानं उचलून ठेवते."

किसनराव म्हणाले, "तिची माय पाह्यजे होती आज. रविवारी आणा त्याले दुकानातच. तिले आधी सांगत नाई, नाई तर पळून जाईन मावशीकडं."

मी अमोलला फोन केला. "रविवारी दहाले किसनरावच्या दुकानात येजो. चांगले कपडे घालजो. ते विचारतीन ते खरं खरं सांगजो."

"आबाजी," पोरगा म्हणाला, "तुमचे उपकार कधी फिटणार नाई."

रविवारी तो वेळेवर आला, काखेत फाईल. किसनरावांनी खुर्ची पुढं केली. मी मधल्या स्टुलावर.

"सोबत कोणी नाई आलं?"

"नाई साहेब. एकट्यानंच या लागते ना?"

किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आजकालचे पोट्टे."

"याच्या आधी कुठी जमलं होतं काय?"

"हो साहेब. दोन ठिकाणी होतो. पह्यल्या ठिकाणी आठ महिने, दुसऱ्या ठिकाणी दीड वर्ष."

किसनरावांच्या हातातला पेन खाली पडला. "मंग सोडलं काऊन?"

"पह्यल्यायनं माह्या जागी आपला भाचाच घेतला."

"हं," किसनरावांनी मान हलवली. मुलगी देताना बहिणीच्या मुलाला आधी मान, ही आपल्याकडची रीतच. "आन् दुसरे?"

"ते बुडाले, साहेब."

"अरेरे. धाम नदीत?"

"नाई, उधारीत."

आता काहीतरी वाकडं चाललंय हे कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. एवढ्यात अमोलने फाईलमधून सुजाताने केलेला तो रंगीत कागद काढला. कोपऱ्यात फोटो, बाजूला निळी पट्टी, आणि खाली गोल गोल टिंबं, काही भरलेली, काही रिकामी.

"हे काय?" किसनराव म्हणाले. "गुण जुळवूनच आणले काय?"

"हो साहेब. हिशेबाच्या कामात पाचापैकी पाच. इंग्रजीत दोन. खोटं सांगत नाई."

"आमच्या पोरीले कधी पाह्यलं?"

"नाई साहेब. मॅडमच्या हाताखाली करा लागीन काय? मले काई अडचण नाई. ते सांगतीन तसं करीन."

किसनराव माझ्या कानाशी वाकले. "पोरगा वळणाचा हाये, महादेवभाऊ."

आणि नेमकी तेव्हाच रूपाली आतून चहा घेऊन आली. "बाबा, हे कोण?"

"तुले पाह्यले आले, पोरी."

अमोल ताडकन उभा राहिला. "कोणाले पाह्यले? साहेब, मी तं अकाउंटच्या जागेसाठी आलो."

तिघंही सावकाश माझ्याकडे वळले. मी स्टुलावर बसलेलो होतो म्हणून, नाहीतर खाली बसलो असतो.

रूपालीच्या लक्षात सगळं आलं. "आबाजी, बाबाले सांगजा नोका म्हणून म्या सांगतलं होतं ना? नोकरीसाठी बनवला होता मी बायोडाटा. उद्या मुलाखत हाये माही नागपूरले."

किसनरावांचा चेहरा उतरला. "नोकरी? आन् मले सांगतलं नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हणले असते, दुकानाचे बिलं कोण काढीन."

"मंग कोण काढीन?"

त्या क्षणी मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. दोन वर्षं वणवण करणारं एक पोर, आणि एवढ्या हिकमतीनं बापाला न दुखवता उडू पाहणारी ही पोरगी. दोघांचं मी एका सकाळी वाटोळं केलं होतं.

रूपालीची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. तिने ट्रे खाली ठेवला आणि त्या टिंबांवर बोट ठेवलं.

"बाबा, हिशेबात पाचापैकी पाच हाये हा."

किसनरावांनी कागद पाहिला. अमोलला पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. हसतायत की रागावलेत, मला काही ठरवता येईना.

"बस बे त्या कॉम्प्युटरवर," ते अमोलला म्हणाले. "एक बिल काढून दाखव."

त्याने काढलं. तिथून घरापर्यंत मी पायीच आलो, ऑटोला हात करायचं सुचलंच नाही.

रूपाली सोमवारी गेली, पसंत पडली, आता रोज अपडाऊन करते. संध्याकाळी घरी. अमोल दुकानात रुळला. रविवारी सुट्टी मिळते त्याला. वीस हजारांचं सध्या बोलणं चालू आहे. किसनराव पाइप घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा सांगतात. त्यामुळे सुजाताकडे इतके लोक यायला लागले की तिने त्याच कमाईतून नवा रंगीत प्रिंटर आणला. मी मात्र तिच्यासमोर कान धरले. तिने मला नीट बसवून शिकवलं, नोकरीच्या माणसाला काय काय विचारतात ते. मी सगळं पाठ केलं.

परवा दुपारी एक बाई आल्या, मुलाचा बायोडाटा करायला. मी पाणी दिलं. यावेळी चुकायचं नाही म्हणून आधी मनात उजळणी केली आणि मग विचारलं,

"याच्या आधी किती ठिकाणी होता?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तिथलं सोडलं काऊन? आन् पह्यले सहा महिने कच्च्यावर ठेवलं तर चालीन ना त्याले?"

बाईंनी पेला तसाच खाली ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आमच्या पोराचं पह्यलंच लग्न हाये."