देवरावजींची जोडी

मोठेबाबा आज सकाळी गेले, आणि दुपारी भोंग्यावर त्यांचं नाव पुकारणं चालूच होतं.

"देवरावजींची जोडी. देवरावजी, जोडी घेऊन पटावर या."

मैदान आमच्या घरामागेच आहे. बाबांचे हे थोरले भाऊ अंगणात निजवलेले, त्यांची मुलगी अमरावतीहून निघालेली, तिच्यासाठी सगळे थांबलेले. आणि दर थोड्या वेळाने हे; मैदानात कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मी पटासाठीच नागपूरहून आले होते. मला एका जागी बसवत नव्हतं. आत, बाहेर, परत आत.

गोठ्यात बैलांचंही तेच. हिऱ्या खुंट्याभोवती फिरत होता, पाखऱ्या दावं ओढत होता. भोंगा वाजला की पळायचं, एवढं त्यांना पक्कं कळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शंकरपट म्हणजे हलका छकडा, दोन बैल, वर जोडी हाकणारा एक धुरकरी, आणि सरळ रेषेत जीव खाऊन पळणं. जोडी वाकडी गेली की बाद.

आमच्या आजोबांच्या वेळी, मोठेबाबांच्या तरुणपणीसुद्धा, दोन जोड्या सोबत सुटायच्या. निकाल झेंडीवाल्याच्या डोळ्यावर, म्हणून हाणामाऱ्या. मग स्टॉपवॉच आलं. आता सेन्सर आहे, तरी भांडणं आहेतच.

मधे कोर्टाची बंदी आली. मैदानात क्रिकेट सुरू झालं, लोकांनी जोड्या विकून टाकल्या. मोठेबाबा मात्र रोज सकाळी नाल्याकाठच्या रस्त्यावर जोडी पळवायचे. बघायला चिटपाखरू नाही. बाबांनी एकदा वैतागून विचारलं, आता कशासाठी हे?

"बंदी पटाले हाये," मोठेबाबा म्हणाले. "बैलाले नाई."

बंदी उठली. केळझरकडे, इकडेतिकडे पट सुरू झाले. आमच्या गावाला मात्र मुहूर्त मिळेना. कधी परवानगी नाही, कधी कमिटीत रुसवे. शेवटी यंदा जमलं. हिऱ्या-पाखऱ्या आज पहिल्यांदा आपल्या गावात पळणार होते.

आणि आजच.

मोठीआई, मोठेबाबांची बायको, त्यांच्या उशाशी बसली होती. डोळे कोरडे. परत नाव पुकारलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "मानूस नाव घेऊन राह्यला, अन आपन मुके. सांगून ये त्याले."

मी दारात पोचले तर मागून, "पट थांबवतो म्हनतीन. थांबवू नका म्हना. लई वाट पायली यायनं."

मैदानात सांगितलं. माईकवाल्याने माईक बंद केला. कमिटी खरंच पट थांबवायला निघाली होती. मी मोठीआईचा निरोप दिला, तेव्हा कुठे पट चालू ठेवला.

माझ्यासोबत घरी कोण आलं? अल्लीपूरचे सुदामजी. मोठेबाबांचा जुना दुश्मन. झेंडीच्या एका निकालावरून दोघांचं बोलणं कधीचं बंद.

ते पायाशी वाकले. उठले तरी जाईनात.

मोठीआईने विचारलं, "जोडी नेता का?"

बाबा भडकले. घरात मयत असताना बैल जुपत नाहीत, आमच्याकडे हे पाळतात.

"घरच्याचा हात नको लागाले," मोठीआई म्हणाली. "हे काय घरचे हायेत?"

सुदामजींनी एकट्याने बैल सोडले, एकट्याने जुपले. आम्ही सगळे हात बांधून उभे. इतकं विचित्र वाटत होतं की काय सांगू. मग छकडा पटावर निघाला, मी मागोमाग.

आता काठी, पराणी काही चालत नाही. बैल पळतात ते धुरकऱ्याच्या आवाजावर. सुदामजींची शीळ पंचक्रोशीत फेमस. त्यांनी शीळ घातली.

जोडी ढिम्म.

परत घातली. पाखऱ्याने नुसते कान हलवले. लोक कुजबुजायला लागले.

मग सुदामजींनी छाती भरून श्वास घेतला.

"चाला बाबूऽऽ होऽऽ!"

ही मोठेबाबांची हाळी. तसाच हेल, शेवटी आवाज तसाच चिरकलेला. तरुणपणी शेजारून छकडा पळवताना ऐकली असणार. मला क्षणभर वाटलं, मोठेबाबाच आले.

जोडी सुटली. मी ओरडत होते की रडत होते, मला माहीत नाही.

नंबर नाही आला. पण रेष सोडली नाही पठ्ठ्यांनी.

धावतच घरी आले. मोठीआई तशीच बसलेली.

"पयाली?"

"पयाली."

"सरय?"

"एकदम सरय, मोठीआई."

तेव्हा ती रडली. सकाळपासून पहिल्यांदा, मोठ्याने.

आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही. 'येजो' म्हणतात. मोठ्यांना 'या'.

तिने मोठेबाबांच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पयाली जी जोडी. जा आता तुमी."

मोठेबाबा, तुम्हाला शेवटचा नमस्कार.