फहमिदा मॅडमचे साडेनऊ मार्क

सोयगावच्या शाळेत फहमिदा शेख गणित शिकवायच्या, तेव्हा पोरांना त्यांच्या एका गोष्टीची धास्ती असायची. मॅडम कुणालाही पैकीच्या पैकी मार्क देत नसत. सगळी गणितं बरोबर आली तरी कुठंतरी उत्तराखालची रेघ राहिलेली असायची, नाहीतर बरोबरचं चिन्ह वाकडं असायचं, आणि अर्धा मार्क जायचाच. पोरं घरी जाऊन रडायची. मोठी झाल्यावर तीच पोरं बाजारात भेटली की वाकून सलाम करायची आणि वर हसत विचारायची, "मॅडम, तो अर्धा मार्क आता तरी द्या!"

निवृत्त झाल्यावर मॅडम नवऱ्याकडं शहरात, पडेगावच्या सोसायटीत राहायला आल्या. युसूफभाई चिकलठाण्याला एका कंपनीत फिटर होते. नोकरीची सगळी वर्षं ते शहरात आणि मॅडम सोयगावला. शनिवारी रात्रीच्या एसटीनं ते यायचे आणि पिशवीत बायकोसाठी काहीतरी गोड असायचं. आइस्क्रीम मात्र कधी आणता आलं नाही. तेवढ्या लांब ते टिकणार कसं? म्हणून दोघांनी ठरवून ठेवलं होतं, की एकदा दोघांची नोकरी संपली की शहरातलं एकूण एक आइस्क्रीमचं दुकान पालथं घालायचं.

नोकरी संपली आणि त्याच वर्षी युसूफभाईंना शुगर निघाली.

डॉक्टर म्हणाले, "कधीतरी चमचाभर चालेल." पण युसूफभाईंना स्वतःची खात्री नव्हती. "चमचाभर खाणारा माणूस मी नाही," असं म्हणून त्यांनी गोड साफ सोडलं. मॅडमनीही सोडलं. त्यावर मात्र ते रागावले.

"तू कशाला सोडतेस? तू खा, आणि कसं लागतं ते मला सांग. माझं तेवढ्यावर भागंल."

पहिल्याच रविवारी स्कूटरवरून दोघं निराला बाजारात गेले. मॅडमनी चॉकलेट आइस्क्रीमचा कप घेतला. युसूफभाई समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"कसंय?"

"चांगलंय."

"चांगलंय म्हणजे? पंखा पण चांगलाय, खुर्ची पण चांगलीय. नीट सांग ना!"

मॅडमनी दुसरा चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. "आधी कडवट लागतंय. मग गोडी येते, पण जरा उशिरा. दूध कमी पडलंय, कारण विरघळल्यावर जिभेवर पाणीच उरतंय. आणि वास चॉकलेटपेक्षा व्हॅनिलाचाच जास्त येतोय."

युसूफभाई खूश झाले. "आता कळलं. मार्क किती?"

"दहापैकी साडेपाच."

इथून सुरुवात झाली. मग उस्मानपुरा झालं, गुलमंडी झाली, टीव्ही सेंटर झालं. कुल्फी, फालुदा, चॉकलेटचे केक, गरम ब्राउनीवर ठेवलेलं आइस्क्रीम, काडीवरचं, कोनातलं, मटक्यातलं. मॅडम खायच्या, सांगायच्या, मार्क द्यायच्या. आठाच्या वर कुणी गेलं नाही. युसूफभाईंना ऐकून ऐकून सगळ्या शहराची चव पाठ झाली. सोसायटीत कुणाकडं पाहुणे आले, कुणाचा वाढदिवस असला की लोक आधी मॅडमच्या दारात यायचे. "मॅडम, केक कुठून आणू?" मॅडम दुकान सांगायच्या, आणि तिथलं काय घ्यायचं नाही तेही सांगायच्या.

त्यामुळं यंदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीत 'चॉकलेट आणि थंड गोड पदार्थांची स्पर्धा' ठरली, तेव्हा परीक्षक कोण यावर चर्चासुद्धा झाली नाही. सोसायटीचे चेअरमन सुदर्शनराव यांनी तर फलकच छापून आणला. त्यावर मॅडमचं नाव स्पर्धेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं.

घरोघर तयारी सुरू झाली. बेकरीचा कोर्स केलेली विशाखा संत्र्याच्या सालीचं चॉकलेट करणार होती. तळमजल्यावरच्या सारजाबाईंनी दिवाळीआधीच दौलताबादच्या सीताफळांचा गर काढून फ्रीजरमध्ये दडवला होता. त्या म्हणायच्या, "मला ते चॉकलेट-बिकलेट जमत नाय. पण सीताफळाचं आइस्क्रीम खाऊन बघा, मॅडम. लई दिवस आठवण राहील." सुदर्शनरावांच्या बायकोचं, करुणाताईंचं, नाव सगळ्यात शेवटी आलं. त्या मुळात कमी बोलणाऱ्या. चेअरमनची बायको म्हणून मागं राहिलं तर बरं दिसणार नाही, असं नवऱ्यानं सांगितल्यावर त्यांनी चॉकलेट-बदाम कुल्फी करायचं कबूल केलं.

पंचवीस तारखेला मॅडमना शिंका सुरू झाल्या. सव्वीसला सकाळी उठल्या तेव्हा नाक दगडासारखं बंद. युसूफभाईंनी पोहे पुढं ठेवले. मॅडमनी घास घेतला, चावला आणि थांबल्या. मिरची होती, कांदा होता, लिंबू होतं. दिसत होतं सगळं, पण लागत काहीच नव्हतं. त्यांनी उठून कॉफीचा डबा नाकाला लावला. मग हिंगाचा. हिंगाचाही वास येईना, तेव्हा त्या मटकन खाली बसल्या.

"अहो, मी काय करू आता? मला माती आणि मिठाई सारखीच लागायला लागली!"

"सुदर्शनरावांना सांग. दुसरं कुणी बघंल."

"दुसरं कोण? आणि बायांनी एवढा खटाटोप केलाय. फलक लागलाय खाली." मॅडमनी शालीत डोकं गुरफटून घेतलं. मग अचानक त्यांनी युसूफभाईंकडं पाहिलं. "डॉक्टर काय म्हणाले होते? चमचाभर चालतं ना?"

"फहमिदा!"

"इतकी वर्षं मी खाऊन तुम्हाला सांगितलं. आज तुम्ही खा आणि मला सांगा. अर्धा अर्धा चमचा. मी मोजून देते."

युसूफभाईंनी नको नको म्हणत नवा कुर्ता घातला.

झेंडावंदन झालं. मंडपात टेबलावर ओळीनं बश्या मांडल्या गेल्या. मॅडमनी सुदर्शनरावांना ठणकावून सांगितलं, की मोठ्या स्पर्धांत दोन परीक्षक असतात, तेव्हा यांनाही बरोबर घ्या. सुदर्शनरावांनी लगेच माइकवरून युसूफभाईंचं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. युसूफभाईंना शुगर आहे हे बऱ्याच जणांना माहीत होतं, पण मॅडमसमोर बोलणार कोण?

पहिली बशी विशाखाची. युसूफभाईंनी संत्र्याच्या चॉकलेटचा कोपरा तोंडात टाकला आणि खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"कैसा है?" मॅडमनी तोंडावर रुमाल धरून हळूच विचारलं.

"जन्नत," युसूफभाई म्हणाले. "दहापैकी दहा."

"असं नाही चालत. नीट सांगा. संत्रं आधी लागतं का चॉकलेट?"

"दोन्ही! सगळं एकदम! काय सांगू फहमिदा, सगळं चांगलंय!"

पुढं सारजाबाईंचं सीताफळ. त्यालाही दहा. मग कुणाचं चॉकलेट घातलेलं श्रीखंड, दहा. कुणाच्या मुलीनं बिस्किटांचा चुरा करून केलेला थंड केक, तोही दहा. मॅडम घायकुतीला आल्या. आयुष्यात ज्या बाईनं कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, तिच्या नावावर आज सगळी सोसायटी पहिली येणार होती! त्या दात आवळून कुजबुजल्या, "अहो, थोडा तरी फरक करा. कुणाला तरी नऊ द्या."

"मन होत नाही गं," युसूफभाई म्हणाले, आणि खरंच त्यांचं मन होत नव्हतं. इतक्या वर्षांनी साखर जिभेला लागली होती. त्यांना समोरचा प्लास्टिकचा चमचासुद्धा गोड लागत होता.

शेवटची बशी करुणाताईंची. दोन्ही हातांनी बशी धरून त्या स्वतः समोर उभ्या होत्या आणि टक लावून बघत होत्या. युसूफभाईंनी कुल्फीचा तुकडा तोंडात घेतला.

आणि ते गप्प झाले.

मॅडम वाट बघत राहिल्या. जन्नत नाही, दहा नाही, एक शब्द नाही. युसूफभाईंनी घास सावकाश गिळला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी करुणाताईंकडं पाहिलं, मान हलवली, छातीवर हात ठेवला आणि न बोलता पाण्याच्या पिंपाकडं निघून गेले.

मॅडमचा ऊर भरून आला. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या डोळ्यांत खाण्यावरून पाणी आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. शब्दसुद्धा फुटू नयेत अशी कुल्फी! त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. पेन उचललं, करुणाताईंच्या नावापुढं साडेनऊ, बाकी सगळ्यांपुढं सरसकट आठ लिहिले आणि कागद सुदर्शनरावांच्या हातात दिला.

सुदर्शनरावांनी निकाल वाचला. बायकोचं नाव वाचताना त्यांचा आवाज चिरकला. मंडपात कुजबुज सुरू झाली. "चेअरमनचीच बायको पहिली व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. सारजाबाई मात्र सरळ उठल्या, "मॅडमनी दिलेत म्हणजे असंल काहीतरी. मी तर खाऊन बघते," म्हणाल्या आणि करुणाताईंच्या बशीतला एक तुकडा उचलला. त्यांच्यामागं विशाखा, तिच्यामागं अर्धी सोसायटी.

सारजाबाईंचं तोंड आधी आंबट झालं, मग वाकडं झालं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अगं बया! हे तर नुसतं मीठ हाय!"

मॅडमनी पिंपाकडं पाहिलं. युसूफभाई पाण्याचा तिसरा पेला पीत होते. त्यांनी तिथूनच दोन्ही हात वर केले. "मी सांगणारच होतो! पण करुणाताई समोर उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर कसं सांगू? म्हटलं पाणी पिऊन येतो आणि तुझ्या कानात सांगतो. तोवर तू निकालच देऊन टाकला!"

करुणाताई पांढऱ्या पडल्या. "मीठ? मी तर मीठ घातलंच नाही."

तेव्हा सुदर्शनराव माइक हातात धरूनच म्हणाले, "काल तू दार उघडायला गेलीस ना, तेव्हा मी मिश्रण चाखलं. जरा अगोड वाटलं. म्हणून मी त्या पांढऱ्या बरणीतली पिठीसाखर दोन चमचे..."

"ती मिठाची बरणी आहे!" करुणाताई ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज सोसायटीनं प्रथमच ऐकला. माइक चालू असल्यामुळं हे सगळं मंडपभर ऐकू गेलं होतं. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायला लागले.

मॅडम उठल्या. त्यांनी सुदर्शनरावांच्या हातातून माइक घेतला, दोनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, "चूक त्यांची नाही, माझी आहे. मला कालपासून सर्दी झालीय. चव कळत नाही, वास कळत नाही. हे मी सकाळीच सांगायला पाहिजे होतं. आजचा सगळा पेपर रद्द. माझं नाक उघडलं की पुढच्या रविवारी पुन्हा स्पर्धा. चालेल का?"

"म्हणजे हे सगळं पुन्हा खायला मिळणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"हो."

मग न चालायला काय झालं! मोठ्यानं टाळ्या पडल्या. त्या दिवशीच्या बश्या लोकांनी तिथंच चाटूनपुसून संपवल्या. करुणाताईंची तेवढी राहिली.

पुढच्या रविवारी मॅडमचं नाक उघडलं होतं. विशाखाला साडेसात मिळाले. सालीचा कडूपणा जरा जास्त झाला होता. सारजाबाईंना आठ. गर उत्तम, पण दूध थोडं अजून आटायला हवं होतं. सारजाबाई म्हणाल्या, "मॅडम, गॅस संपला ना माझा!" आणि पहिलं बक्षीस घेऊन टाकलं. करुणाताईंच्या कुल्फीला सहा मिळाले. बदाम जाड राहिले होते आणि चॉकलेट खाली बसलं होतं. मॅडमनी हे सगळं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. युसूफभाईंना या वेळी परीक्षक केलं नव्हतं. ते मंडपाच्या कडेला मुरमुरे खात बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी करुणाताई मॅडमच्या दारात आल्या. हातात काही नव्हतं. बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग म्हणाल्या,

"मॅडम, राग मानू नका. एक विचारायचंय."

"मार्क वाढवून मिळणार नाहीत हं."

"तसं नाही हो." करुणाताई हसल्या. "लग्न झाल्यापासून मी रोज स्वयंपाक करते. हे रोज म्हणतात, छान झालंय. आमटी करपली तरी छान. ती खारट कुल्फी खाल्ली असती तरी छानच म्हणाले असते. काल पहिल्यांदा मला कुणीतरी नीट सांगितलं, काय चुकलं ते. मला रात्री झोप लागेना, एवढं बरं वाटलं." त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. "तुम्ही रविवारी जाता ना चव बघायला. मी येऊ का तुमच्याबरोबर?"

मॅडमनी युसूफभाईंकडं पाहिलं. युसूफभाई म्हणाले, "स्कूटरवर तीन बसत नाहीत."

"हे गाडी काढतील," करुणाताई ठामपणे म्हणाल्या. "त्यांनी मिठाची भरपाई करायलाच पाहिजे."

त्या आठवड्याच्या रविवारी संध्याकाळी चौघं शहागंजकडं निघाले. सुदर्शनराव गाडी चालवत होते, शेजारी युसूफभाई रस्ता दाखवत होते. मागच्या सीटवर मॅडम करुणाताईंना समजावत होत्या, की पहिला चमचा नेहमी काहीही न बोलता खायचा, मत दुसऱ्या चमच्याला द्यायचं. दुकानात चॉकलेट फालुद्याचे दोन पेले आले. मॅडमनी चमचा उचलला नाही. "आज तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

करुणाताईंनी दोन चमचे खाल्ले. युसूफभाई आणि सुदर्शनराव दोघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"शेवया शिळ्या आहेत," करुणाताई म्हणाल्या. "पाच."

मॅडमनी चमचा घेतला, चव घेतली, डोळे मिटले.

"साडेपाच," त्या म्हणाल्या. "दूध चांगलंय."

"दूध पातळ आहे," करुणाताई म्हणाल्या आणि पेला पुढं सरकवला. "पुन्हा बघा."

मॅडमनी पुन्हा बघितलं.