नत्थू पाणकराची बोटं

नत्थूमामाजींच्या घरी खुंटीला एक मनगटी घड्याळ टांगलेलं असायचं. जवाहरनगरच्या क्वार्टरात राहणाऱ्या त्यांच्या लेकीने, करुणाने, दिलेलं. एक आठवडा सोडला तर त्यांनी ते कधी हातात घातलं नाही. तो आठवडा माझ्यामुळे आला, म्हणून हे लिहिते आहे.

सगळं गाव त्यांना मामाजी म्हणायचं. ते आमच्या गावचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी जाईल आणि किती वेळ जाईल, हे पाणकर ठरवतो. त्यांचे वडील, आजेही हेच करायचे. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात पाणी सोडायचं दगडी तुडूम आहे, त्याचं भोक लाकडी गुट्ट्याने बंद केलेलं. गुट्टा काढला की पाणी नहरात उतरतं. मामाजी नहराच्या तोंडाशी उकिडवे बसत, दोन्ही हातांची बोटं एका दगडावर आडवी एकावर एक ठेवत आणि पाणी किती बोटं चढलं ते बघत. मग उठून सांगत, "तुलाराम, तुले तीन घंटे." का तीन, हे कोणी विचारत नसे.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्यानंतर चार-पाच वर्षांनी एकदा पाऊस लवकर थांबला. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, आलेलं, आणि पाणी फक्त तलावात. तेव्हा लोक विचारायला लागले.

"तुलारामले तीन घंटे आन् शेवंताबाईले साडेपाच," पाणी समितीचा सचिव खेमराज बैठकीत म्हणाला. "दोघाइची जमीन सारखी. हे कोनतं गनित हाये, मामाजी?"

"पान्याचं," मामाजी म्हणाले.

लोक हसले. दुसऱ्या दिवशी खेमराज वही घेऊन आमच्या ओट्यावर. "वहिनी, तुमी गनितवाल्या बी.एस्सी. एक टाइमटेबल बनवून द्या. सगळ्याइले सारखं. भांडनच नको."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लग्नानंतर बारा वर्षांत माझ्या डिग्रीची आठवण कोणाला झाली नव्हती. मी पट्टी घेऊन लाल रेघा आखल्या. एकोणीस शेतकरी, प्रत्येकाची जमीन जवळपास एकरभर, म्हणून प्रत्येकाला चार तास, दिवसाला तीन पाळ्या. आमचं शेत दुसऱ्या नंबरावर, शेवंताबाईच्या तीन बांध्या शेवटी, नहराच्या टोकाला. मामाजींनी कागद बघितला, घरी गेले आणि घड्याळ बांधून आले.

सातव्या दिवशी सकाळी शेवंताबाई आली. एकटी राहणारी, बोलायला तिखट. तिने पदरातून मातीचं ढेकूळ काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"चार घंटे पानी आलं, बाई. घड्याळ मी बी पाह्यलं. आता हे फोडून पाहा."

मी फोडलं. वरून ओलं, आत भुसभुशीत कोरडं.

"निसवत्या धानाले असं पानी मंजे लेकराले ओलं बोट चाटवनं," ती म्हणाली. "वरच्याइच्या बांध्या तुडुंब हायेत. तुमची बी. आन् माह्या बांध्या भेगाळून राहिल्या. आठ दिवसात पानी नाई भेटलं तं समदं पोचट."

मी तशीच तलावाकडे गेले. मामाजी नहराशी बसले होते, घड्याळाचा हात पाण्यापासून दूर धरून.

"मामाजी, चार तास तर सगळ्यांना सारखेच दिले ना?"

"घंटे सारखे देल्ले." त्यांनी बोटं दगडावर ठेवली. तीन. "पयल्या दिवशी साहा होते."

"काहून?"

"तलाव भरला हाये तोवर पान्याले जोर. पानी उतरलं का जोर उतरते. जोर उतरला का मंग पानी उतरनं बी मंदावते."

हेच वाक्य मी शेवटच्या वर्षाच्या पेपरात लिहिलं होतं, फक्त अक्षरांच्या चिन्हांत. डिफरन्शियल इक्वेशन. मराठी पुस्तकातलं अवकल समीकरण. कॉलेजात आम्ही हा शब्द न सुटणाऱ्या कशालाही लावायचो. होस्टेलच्या वॉर्डनबाईंनाही आम्ही तेच म्हणायचो. पण आहे साधं. नेहमीच्या समीकरणात एक हरवलेला आकडा शोधायचा असतो. इथे एक आकडा नाही, बदलाची पूर्ण वाट शोधायची असते. आणि हातात एवढंच असतं की बदल किती वेगाने होतो ते, जे उरलंय त्यावरून ठरतं. चहा निवण्याचंही असंच. कढत असतो तेव्हा भराभर निवतो, कोमट झाला की रेंगाळतो. सत्तर मार्क मिळवून मी तलावाला मात्र भागाकार लावला होता.

मामाजींना हे सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

"मंग ते सोडवलं का काय भेटते?"

"कोणत्या दिवशी किती जोर असेल, ते."

"सोडवा बरं."

कागदाच्या पाठीवर मी हिशेब मांडला. "पहिल्याला चार तास, तर शेवंताबाईला आठ द्यायला हवे होते."

"साडेसात," ते म्हणाले.

"आठच येतात, मामाजी."

"पयल्या दिवशी नहर कोरडा होता जी. तोच पानी पेत होता. आता भिजला हाये." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या समीकरनात नहर नाई का?"

नव्हता.

तलावात उरलेलं पाणी आता मधल्या तीन-चार जणांची तूट भरायला पुरलं असतं, टोकापर्यंत पोचलं नसतं. मी कागद घेऊन खेमराजकडे गेले. "चूक माझी आहे. मामाजींची वाटणी बरोबर होती."

"पन वहिनी, तुमी तं बी.एस्सी."

"म्हणून तर जास्त चूक."

"मंग आता सांगा काय कराचं ते."

आमच्या बांधीत पाणी धुऱ्याला, म्हणजे कडेच्या मातीच्या वरंब्याला, टेकलं होतं. धुऱ्यात पाणी पुढे जायची एक फट असते, तिला मुही म्हणतात. आमची मुही नहराच्या खालच्या अंगाला उघडते, तिथून पाणी टोकाकडे जातं. घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, विचारलं. ते म्हणाले, "सोड, पन चार बोटं ठेव." मी फावड्याने माती ओढली. तुलारामनेही कुरकुरत आपली उघडली.

दुपारी टोकाला गेले. मामाजी तिथेच होते, मनगट मोकळं. शेवंताबाई बांधीत वाकून बोटं मोजत होती.

"भेटलं का?" मी विचारलं.

"तीन," ती म्हणाली, आणि पुन्हा बघून, "अडीच."

मामाजींनीही हात घालून पाहिला. "अडीचच हाये."

मी परत फिरले आणि आमची मुही आणखी वीतभर रुंद केली.